मोरीबुवाची फांदी

“आजी, जरा हळू! तुमच्या टांगांना मी पुरी पडत नाही,” दामिनी मागून ओरडली.

कौशल्याबाई थांबल्या आणि आपल्याच पायांकडे बघू लागल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, अकोल्याच्या घरी जिना चढताना दोन ठिकाणी टेकते, आणि इथं पाय असे लांब लांब पडत होते. मग त्यांच्या लक्षात आलं. रूळ उचलून नेले होते, स्लीपर नेले होते, उरली होती ती खडीची उघडी पाठ आणि तिच्यात माजलेला वाळका तरोटा. पण पायांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. ते अजून एका स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर पडत होते. लाइनीवर संसार केलेल्या माणसाची चाल अशीच असते. बाजारात गेलं तरी ती सुटत नाही, आणि बघणारे हसतात.

“पोरी, लाइनीवर हळू चाललं का मागून गाडी येते,” त्या म्हणाल्या.

“आता कुठली गाडी, आजी!”

“हाव. आता कायची गाडी.”

ही अकोल्याहून खंडव्याकडे जाणारी जुनी छोटी लाइन. अकोट सोडलं की गाडी डोंगराकडे तोंड करायची आणि मेळघाटात शिरायची. डब्यात सीताफळांच्या टोपल्या, तेंदूपत्त्याचे भारे, एखादी बकरी. गार्ड ओळखीचा, ड्रायव्हर ओळखीचा. जंगलातल्या स्टेशनांना प्यायचं पाणीसुद्धा गाडीनंच यायचं, आणि पाण्याची गाडी उशिरा आली की बायका घागरी पुढ्यात घेऊन लाइनीकडे डोळे लावून बसायच्या. आता ते सगळं बंद पडून बरीच वर्षं झाली. मोठी लाइन जंगलाबाहेरून न्यायचं ठरलं, आणि या लाइनीचं लोखंड तेवढं उचलून न्यायचं राहिलं होतं. तेच काम सध्या चालू होतं.

दामिनी अमरावतीची. अंगानं किडकिडीत, पाठीवर भली मोठी पिशवी. आठ दिवसांपूर्वी ती कौशल्याबाईंच्या मुलाचा, किशोरचा पत्ता शोधत अकोल्यात घरी आली होती. कौशल्याबाई ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या.

“माय, ह्या मॅडम जंगल मोजून राहिल्या,” किशोरनं सांगितलं.

“जंगल काय वावर हाये मोजाले?” त्या म्हणाल्या.

दामिनी हसली. तिनं आपला कॉम्प्युटर उघडला आणि पडद्यावर हिरवागार नकाशा दाखवला. “जंगल किती आहे ते मी मोजत नाही, आजी. त्याचे तुकडे किती झाले ते मोजते. हा रस्ता, हा कालवा, ही विजेच्या तारांची पट्टी. आणि ही तुमची लाइन.”

“येवढीशी? केसावानी?”

“केसाएवढीच. पण या केसानं इकडचं जंगल इकडे आणि तिकडचं तिकडे केलंय.” मग तिनं बोट एका ठिपक्यावर ठेवलं. “एवढ्या लाइनीत एकाच जागी, नाल्यावरच्या मोरीजवळ, दोन्हीकडच्या झाडांच्या फांद्या वरून एकमेकींना भेटतात. दर वर्षी पावसाळ्याआधी गँग छाटणी करायची ना? मग हे एकच झाड कसं सुटलं? तुमचे मालक इथं मुकादम होते असं कळलं, म्हणून आले.”

कौशल्याबाईंचा सुपातला हात थांबला. “कहूचं झाड. तथी देव हाये खाली. मोरीबुवा. म्हणून कोनी हात लावत नव्हतं.” आणि थोड्या वेळानं, “हाये का ते अजून?”

“आहे. पण आता राहत नाही बहुतेक. गाडी बंद झाल्यापासून फांदी खाली झुकली आहे, रुळांनी भरलेला ट्रक तिच्याखालून जात नाही. ठेकेदाराला ती कापायची परवानगी मिळाली आहे. मी थांबवायचा अर्ज केलाय, त्याचं उत्तर नाही.”

“कवा कापतात?”

“गुरुवारी.”

“मले नेशीन?”

किशोर म्हणाला, “माय, आता तिथं काय ठेवलं?” पण दामिनीला फार बरं वाटलं. तिला वाटलं, म्हातारीचा त्या झाडावर जीव आहे, शेवटचं बघायचं असेल. कौशल्याबाईंनी तिची समजूत मोडली नाही. त्यांना ती फांदी कापताना बघायची होती, हे खरंच होतं. कुऱ्हाडीचा पहिला घाव कसा बसतो आणि फांदी कशी अंग टाकून खाली येते, ते त्यांना डोळे भरून बघायचं होतं. या एका फांदीनं त्यांच्या नवऱ्याची इज्जत घालवली होती.

मोरीपाशी दोघी पोचल्या तेव्हा ऊन नुकतं अंगाला लागायला लागलं होतं. लाइनीखालून नाला जातो तिथं ती दगडी मोरी, आणि तिच्या अंगाला तो कहू, म्हणजे अर्जुनाचं झाड. पांढऱ्या सालीचा, गुळगुळीत, कुणी अंगाला राख फासून उभा राहावा तसा. त्याची एक फांदी लाइनीवरून आडवी पलीकडे गेलेली आणि पलीकडच्या जांभळीत शिरलेली. बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड. शेंदूर ओला दिसत होता. गुराखी अजून लावत असावेत.

“जसाच्या तसा,” कौशल्याबाई म्हणाल्या, आणि हा शब्द त्यांनी देवासाठी वापरला की झाडासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या बार्शीटाकळीच्या काळ्या मातीतली पोर. माहेरी उभं राहिलं की चारी दिशांना वावरंच वावरं, पार आभाळ टेकेपर्यंत उघडं. लग्न करून या जंगलातल्या क्वार्टरात आल्या तेव्हा आठ दिवस दार लावून बसल्या होत्या. नत्थुजी मुकादम होते, लाइन सांभाळणाऱ्या गँगचे पुढारी. माणूस अबोल. गावच्या जत्रेतसुद्धा देवळाबाहेर चपला सांभाळत बसणारा. पण लाइनीवर त्यांचा शब्द चालायचा. पावसाळ्याआधी दोन्ही बाजूंची झाडी छाटायची, खडी भरायची, दिवाळीनंतर अंतराच्या दगडांना चुना लावून त्यांवर डांबरानं आकडे काढायचे. आकडे नत्थुजी स्वतः काढत. एका वर्षी त्यातला एक दगडच नाहीसा झाला. रेल्वेच्या साहेबानं गँगला लाइनभर शोधायला लावलं आणि नत्थुजी सगळ्यांच्या पुढं झाडीत वाकून वाकून शोधत होते, ते कौशल्याबाईंना अजून आठवतं.

त्याच सुमारास कधीतरी नत्थुजींना स्वप्न पडलं. कहूखाली देव आहे असा दृष्टांत झाला म्हणे. गँगची माणसं गेली तर खरंच तिथं पानपाचोळ्यात गोल डोक्याचा दगड निघाला. नारळ फुटला, शेंदूर आला, मोरीपाशी म्हणून मोरीबुवा नाव पडलं. तेव्हापासून कहूला कोयता लागला नाही.

पण साहेबाला देवाचं काय सांगणार? लाइनीवर एक डहाळी लोंबलेली दिसली तरी तो मेमो द्यायचा. मग नत्थुजींनी तोड काढली. लाइन तपासायला रुळांवरून साहेबाची ट्रॉली येणार असली की फांदी दोरानं वर ओढून बुंध्याला बांधायची. ट्रॉली मोरीपलीकडच्या वळणाला दिसेनाशी झाली की गाठ सोडायची. फांदी हळूहळू आपल्या जागी यायची, झोपेतून उठलेल्या माणसासारखी. क्वार्टरांतल्या बायका ट्रॉलीच्या लाल झेंडीवर लक्ष ठेवायच्या. नव्या नवरीनं, कौशल्यानं, कितीदा तरी तो दोर धरला होता. हसून हसून पोट दुखायचं.

मग तो श्रावण आला. संध्याकाळी वादळ झालं आणि फांदीचा शेंडा मोडून लाइनीवर पडला. ड्रायव्हरनं वेळेवर पाहिलं म्हणून कुणाला इजा झाली नाही, पण गाडी जंगलात अडकून पडली. चौकशी बसली. फांदी आधीच का छाटली नव्हती? गँगमधले सगळे खाली माना घालून उभे. नत्थुजी म्हणाले, “माही चूक हाये, साहेब.” बस, एवढंच. त्यांना मुकादमकीवरून काढून साधा गँगवाला केलं. कालपर्यंत ज्याला पहार धरायला शिकवलं त्याच्या हाताखाली ते खडी उपसायला जाऊ लागले. नळावर बायका गप्प व्हायच्या, मग मागून हसायच्या. नातेवाइकांत लग्नपत्रिकेवर कुणी “मुकादम” लिहिलं की नत्थुजी स्वतः पेनानं खोडायचे.

एकदाच कौशल्याबाईंनी विचारलं होतं, “काहून नाई कापली ती फांदी?”

“देवाचं झाड हाये.”

“तुमी कवापासून देव मानाले लागले?”

नत्थुजी हसले आणि भाकर मोडायला लागले.

ते गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या जागी कौशल्याबाईंना अकोटकडच्या फाटकावर नोकरी लागली, मुलं मोठी झाली, सगळं पार पडलं. पण काटा राहिला तो राहिला. मोडलेल्या जागेतून फांदी पुन्हा फुटली होती, आधीपेक्षा जाड आणि लांब. माणसाचं मात्र तसं फुटलं नाही.

“ट्रक यायला वेळ आहे,” दामिनी म्हणाली. “चला, तुम्हाला आत नेते.”

“आत कोठी?”

“जंगलात.”

“मंग अथी आपन काय बाजारात उभ्या हावो?”

दामिनीनं फक्त हात पुढे केला. लाइनीच्या कडेला घाणेरीचं रान होतं, अंगाला ओरखडे काढणारं. ते ओलांडलं, वाळलेलं गवत ओलांडलं. मग सागाची उंच पण विरळ झाडं. ऊन अजून बाजूनं येतच होतं, पाठीवर लागत होतं. एका खोडाला काडेपेटीएवढी डबी बांधलेली होती. थोडं आत गेल्यावर दुसरी, आणखी आत तिसरी.

“या डब्या हवेतली उष्णता आणि ओल टिपून ठेवतात,” दामिनीनं सांगितलं. “लाइन केवढी, बैलगाडी जाईल एवढी. पण तिच्यावरून ऊन आत शिरतं, वारा शिरतो, घाणेरीचं बी शिरतं, दोन्ही बाजूंनी. ते कुठपर्यंत पोचतं, हे बघते मी.”

कौशल्याबाईंनी थोडा विचार केला. “म्हंजे चूल अंगनात, पन धूर माजघरात.”

“अगदी तसंच, आजी.”

त्या चालत राहिल्या. आणि एका जागी काय झालं ते कौशल्याबाईंना सांगता आलं नाही. आधी गालाला कळलं. हवा बदलली. विहिरीच्या पायऱ्या उतरताना एका पायरीवर अचानक गारवा लागतो, तसं. पायाखालचा पाला वाजेनासा झाला, तो मऊ होता, दबत होता. ऊन बाजूनं येणं बंद झालं होतं, वरूनच कुठून कुठून नाण्यासारखं गळत होतं. एवढा मोठा मोह त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्याच्या बुंध्यावर शेवाळ होतं, आणि पौष लागला तरी ते ओलं होतं. दूर कुठं सुतारपक्षी खोड ठोकत होता आणि तो आवाज देवळात घुमावा तसा घुमत होता.

कौशल्याबाईंनी पदर डोक्यावरून घेतला. का घेतला कोण जाणे.

“इथं कड संपते,” दामिनी हळू आवाजात म्हणाली. “इथून खरं जंगल.”

“मंग आमी जथी राह्यलो ते?”

“तो काठ होता, आजी.”

त्या खोडाला हात लावून उभ्या राहिल्या. एवढा संसार इथं केला. माहेरी गेलं की मैत्रिणींना ऐटीत सांगायच्या, मी जंगलात राहते बाई. ओसरीवर बसून यावं आणि घर पाहिलं म्हणून सांगावं, तसं झालं हे. घर इथं होतं, हाकेच्या अंतरावर, आणि त्या कधी आत आल्याच नव्हत्या. त्यांना वाईट नाही वाटलं. उलट आतून काहीतरी भरून आलं, एवढं मोठं आपल्या शेजारी इतकी वर्षं मुकाट उभं होतं म्हणून.

“असं आत किती ठिकानी हाये?”

“फार नाहीत. तुकडा लहान झाला की त्याची कडच सगळी उरते. आत काही राहतच नाही.” दामिनी बसली आणि तिनं त्यांनाही एका मुळावर बसवलं. “आता फांदीचं सांगू? तुम्ही शेकरू पाहिलंय ना?”

“मोठी खार. लाल पाठीची. लय पाह्यले.”

“ते जमिनीवर उतरायला भितं. झाडावरून झाडावर जातं. मध्ये फट पडली, फांदी फांदीला पोचली नाही, की त्याचं जग तिथं संपलं. आम्ही दोन्ही बाजूंच्या शेकरूंचे केस जमवले आणि तपासायला पाठवले. केसांवरून नातं कळतं. लाइनीच्या इकडची आणि तिकडची आता एकमेकांची कुणी लागत नाहीत. वेगळीच झालीत. पण या मोरीच्या आसपास...”

“सोयरीक हाये,” कौशल्याबाई म्हणाल्या.

दामिनी त्यांच्याकडे बघतच राहिली. “हो. सोयरीक आहे.”

“येका फांदीवर?”

“एका फांदीवर.”

दोघी लाइनीवर परत आल्या. मोरीच्या कठड्यावर बसून दामिनीनं डबा उघडला. कौशल्याबाईंनी घास हातात घेतला आणि तो हातातच राहिला.

जांभळीची पानं हलली. वारा नव्हता. हिरव्यातून आधी शेपूट दिसलं, हातभर लांब, झुबकेदार, टोकाला फिकं. मग ती लालतांबडी पाठ. शेकरू फांदीच्या टोकाशी आलं आणि थांबलं. खाली दोन बायका बसलेल्या त्यानं पाहिल्या असाव्यात. मग ते निघालं. लाइनीच्या बरोबर मधोमध, कौशल्याबाईंच्या डोक्यावर, फांदी त्याच्या वजनानं थोडी वाकली. तिथं ते पुन्हा थांबलं. पोटाचा रंग दुधावरच्या सायीसारखा होता. खाली मोकळी खडी, वर मोकळं आभाळ, आणि मध्ये एवढासा जीव. मग दोन उड्या, आणि ते कहूच्या पांढऱ्या बुंध्यावरून इकडच्या जंगलात गेलं. फांदी थोडा वेळ हलत राहिली.

कौशल्याबाईंनी हातातला घास डब्यात परत ठेवला.

कौशल्याबाईंना नत्थुजी दिसले. याच कठड्यावर दुपारची सुट्टी. गँगची माणसं सावलीत आडवी झालेली, आणि हे एकटेच मान वर करून बसलेले. डब्यातली भाकर अर्धी परत यायची. “खात काहून नाई?” म्हटलं की म्हणायचे, “ध्यान नाई राह्यलं.” शेवटच्या दुखण्यात अकोल्याला रेल्वेच्या दवाखान्यात होते. तेव्हाही नजर छताकडे. “काय पाहून राह्यले?” त्यांनी विचारलं होतं. नत्थुजी म्हणाले होते, “वाट चालू हाये का, पाहून राह्यलो.” जाणाऱ्या माणसाचं बरळणं म्हणून त्यांनी तोंडात पाणी घातलं होतं.

पण मग देव? तो दृष्टांत? फांदीसाठी इज्जत गेली की देवासाठी? त्यांना नीट जुळवता येईना. तेवढ्यात इंजिनाची घरघर ऐकू आली.

रुळांनी भरलेला ट्रक खडीवरून डुलत आला आणि फांदीच्या अलीकडे थांबला. पुढच्या दारातून ठेकेदाराचा मुकादम सूर्यभान उतरला. गळ्यात मफलर, डोळ्यांवर काळा चष्मा.

“मॅडम, तुमचा कागद आला का?”

“नाही अजून,” दामिनी म्हणाली.

“मंग आमचा तं आलेला हाये. माफ करजा. माह्यी काई दुश्मनी नाई झाडाशी, पन ट्रक डोक्यावर तं नेता येत नाई!” आणि त्यानं मागं वळून हाक दिली, “ए, सिडी लावा रे!”

मजुरांनी शिडी आणली. खडीत तिचे पाय घसरत होते म्हणून एकानं ती बुंध्याशी नेली, जागा व्हावी म्हणून पायानं पाला लोटला, आणि पाल्याबरोबर शेंदराचा दगडही कलंडला. उतारावरून दोन कोलांट्या खाऊन तो कौशल्याबाईंच्या पायाशी येऊन पडला.

“बाप्पा! देव व्हता रे तथी!” शिडीवाला म्हणाला आणि त्यानं शिडी सोडली.

कौशल्याबाई वाकल्या. दगड उताणा पडला होता. जो भाग इतकी वर्षं मातीत होता तो वर आला होता. माती लागलेली होती, पण तिच्याखाली पांढरा चुना होता, आणि चुन्यावर डांबराचा अर्धवट आकडा. त्या आकड्याचं वळण त्यांच्या ओळखीचं होतं. शेपटी जरा जास्तच लांब ओढायची खोड होती त्या हाताला.

अंतराचा दगड. साहेबानं लाइनभर शोधायला लावलेला. आणि सगळ्यांच्या पुढं झाडीत वाकून शोधणारा तो माणूस!

हसू असं उसळून आलं की त्यांना पदर तोंडात कोंबावा लागला. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मजुरांना वाटलं, म्हातारी देवासाठी रडते आहे. दामिनी धावत आली. “आजी, काय झालं?”

“काई नाई. तू तथीच राह्य.”

त्यांनी दगड उचलला, छातीशी धरला. जड होता, पण दिला नाही कुणाला. बुंध्याशी नेऊन पुन्हा खड्ड्यात बसवला, आकडा मातीत, शेंदूर वर. माती दाबली. मग कंबरेवर हात ठेवून सूर्यभानपुढं उभ्या राहिल्या.

“बाबू, देव बसवला म्या जाग्यावर. आता तू काप. पन पयला घाव तुह्या हातानं मार. दुसऱ्याच्या लेकराले नोको सांगू.”

सूर्यभाननं चष्मा काढला. मजुरांकडे बघितलं. मजूर आभाळाकडे बघत होते.

“आजी, काहून भेव दाखवता? माह्या घरीबी लेकरंबाळं हायेत.”

“म्हणूनच तं सांगून राह्यली.”

“पन मी ट्रक कसा काढू? उडवत नेऊ?”

“दोर हाये का तुह्यापाशी?”

“दोर? हाये ना. काहून?”

“आन येक सुतळी, आन येक नटबोल्ट.”

पुढचं सगळं कौशल्याबाईंच्या हातांना ठाऊक होतं. सुतळीला बोल्ट बांधला, वरच्या बेचक्यातून तो पलीकडे फेकायला एका तरण्या मजुराला सांगितलं. तिसऱ्या खेपेला तो पार गेला. सुतळीमागून दोर चढला. फांदीच्या कमरेला पोत्याचं तरट गुंडाळायला लावलं, म्हणजे साल सोलायची नाही. “आता वढा. हळू. म्हशीवानी नोको वढू, गायीवानी वढ!” माणसं हसली आणि ओढायला लागली. फांदी कुरकुरली, जांभळीतून सुटली आणि वर वर जाऊ लागली. बुंध्याला दोराचे वेढे पडले. शेवटची गाठ कौशल्याबाईंनी स्वतः मारली. सरकती गाठ. एका झटक्यात सुटणारी.

“हे कोठी शिकल्या, आजी?” सूर्यभाननं विचारलं.

“हा माह्या मालकाचा कारभार होता. साहेबाच्या नाकाखालून गाड्या काढल्या आमी.” आणि जरा थांबून त्या म्हणाल्या, “मुकादम होते ते.”

ट्रक खालून निघाला. रुळांची टोकं फांदीच्या खालून टीचभर जागा सोडून गेली. नत्थुजींनी ज्यांच्यावर पहार चालवली, हातोडा मारला, ते लोखंड जाताना खणखणत गेलं. कौशल्याबाई बाजूला सरून उभ्या राहिल्या, गाडी जाताना उभं राहायची सवय होती तशा, पदर सावरून, तोंड गाडीकडे. ट्रक वळणाआड होईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

मग त्यांनी गाठ ओढली.

फांदी सुटली. आधी धसक्यानं, मग हळूहळू, सावकाश, खाली येत गेली. टोकाची पानं जांभळीच्या पानांना लागली, त्यांच्यात शिरली आणि थांबली. वाट चालू झाली.

“उद्या आनखीन दोन ट्रक हायेत,” सूर्यभान डोकं खाजवत म्हणाला.

“मंग दोर अथीच ठेव. आन गाठ सरकतीच बांधजो.” त्यांनी दोराची वेटोळी करून ती दगडामागं ठेवली, नत्थुजी ठेवायचे तिथंच.

दामिनी म्हणाली, “माझ्या अर्जाचं उत्तर येईपर्यंत निभेल असं.”

“निभंन. लय वर्सं निभलं.”

दोघी जीपनं परत निघाल्या. अकोटचं वळण आलं, डोंगर मागं पडला, दोन्ही बाजूंना काळी वावरं पसरत गेली. मग दामिनीनं विचारलं, “आजी, खरं सांगा. मोरीबुवा जागृत आहे का हो?”

“लय,” कौशल्याबाई म्हणाल्या.

दगड उचलताना त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना ओला शेंदूर लागला होता. त्या पदराला पुसायला गेल्या आणि थांबल्या. अकोला येईपर्यंत त्यांनी तो हात मांडीवर उताणा ठेवला, कुठं लागू नये म्हणून, जपून.